नेव्हिल डिसोझा : मेलबर्नचे तीन गोल आणि त्यानंतरचा प्रवास

१ डिसेंबर १९५६ या दिवशी मेलबर्न ऑलिंपिकमधील फुटबॉलच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. या चारपैकी तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझा या २४ वर्षांच्या आघाडीपटूने केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला भारतीय, तसेच पहिला आशियाई खेळाडू ठरला. या विजयामुळे भारत ऑलिंपिक फुटबॉलची उपांत्य फेरी गाठणारा आशियातील पहिला देश झाला. त्या घटनेला आता सात दशके होत आली, तरी ऑलिंपिकमध्ये दुसऱ्या भारतीय फुटबॉलपटूला हॅटट्रिक करता आलेली नाही.

नेव्हिल यांचे आयुष्य अवघ्या ४७ वर्षांचे होते. मेलबर्नमध्ये ज्यांच्याविरुद्ध ते खेळले, त्यांतील काही जण पुढे युरोपातील नामवंत क्लबांचे खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून जगभर ओळखले गेले. नेव्हिल मुंबईला परतले आणि कंपनीच्या संघातून खेळत राहिले. गुणवत्ता असूनही पुढचा रस्ताच आखलेला नसेल, तर काय होते, याचे उदाहरण म्हणून त्यांच्या कारकिर्दीकडे पाहावे लागते.

गोव्याचा वारसा, मुंबईचे मैदान

नेव्हिल डिसोझा यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ चा. त्यांच्या घराण्याची मुळे गोव्यात होती. त्यांचे बंधू डेरेक डिसोझा हेही पुढे भारताकडून खेळले. एकाच घरातून दोन आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू निर्माण व्हावेत, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईतील गोमंतकीय समाजाचे फुटबॉलप्रेम सांगून जाते.

गोव्यात फुटबॉल रुजवण्याचे श्रेय फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंना दिले जाते. १८८३ मध्ये ते शिवोली येथे आले आणि तेथे त्यांनी मुलांना या खेळाची ओळख करून दिली. चर्चशेजारचे पटांगण, गावागावांतील सामने आणि सणासुदीच्या स्पर्धा यांतून हा खेळ बार्देश आणि सासष्टी तालुक्यांत घरोघरी पोहोचला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रोजगारासाठी हजारो गोमंतकीय मुंबईत आले. जहाजांवरची नोकरी, कचेऱ्यांतील कारकुनी, वाद्यवृंदांतील कामे आणि बेकऱ्या अशा अनेक व्यवसायांत ते स्थिरावले. धोबीतलाव आणि गिरगाव परिसरात त्यांच्या गावांच्या नावांनी कूड उभे राहिले. या कुडांमध्ये गावाकडून आलेल्या माणसाला राहण्याची सोय मिळे. त्यांच्याबरोबर फुटबॉलही मुंबईत आला आणि शाळा, चर्च व वस्त्यांच्या संघांतून वाढला.

या पार्श्वभूमीला एक राजकीय पदरही होता. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होता. १९५५ च्या सत्याग्रहावर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. त्यानंतर भारत आणि गोवा यांच्यातील सीमा बंद झाली आणि मुंबईतील अनेक कुटुंबांची गावाकडील माणसांशी ताटातूट झाली. नेव्हिल यांनी मेलबर्नमध्ये भारतासाठी गोल केले, त्या वेळी त्यांच्या पूर्वजांची भूमी अद्याप भारतात आलेली नव्हती.

कुपरेज आणि कंपन्यांचे संघ

मुंबईतील फुटबॉलचे केंद्र म्हणजे कुपरेजचे मैदान. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा ही मुंबईची मानाची स्पर्धा होती. पहिल्याच वर्षी वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या तुकडीने हा चषक जिंकला. पुढे अनेक वर्षे ब्रिटिश पलटणींचेच वर्चस्व राहिले. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स संघाने ते मोडून काढले आणि रोव्हर्स चषक भारतीय संघांच्या आवाक्यात आला.

स्वातंत्र्यानंतर लष्करी संघांची जागा कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या संघांनी घेतली. टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे आणि पोलीस अशा संघांमध्ये चुरस असे. कंपनी खेळाडूला नोकरी देई, सरावासाठी वेळेची सवलत देई आणि तो तिच्या संघातून खेळे. खेळण्याबद्दल त्याला वेगळे मानधन नसे. तरीही चाळीत किंवा कुडात राहणाऱ्या तरुणाला महिन्याचा निश्चित पगार ही मोठीच गोष्ट होती. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत फुटबॉलला मान्यता मिळाली, ती प्रामुख्याने या नोकऱ्यांमुळे.

नेव्हिल डिसोझा हे या व्यवस्थेतूनच पुढे आले. ते प्रथम टाटांच्या संघातून आणि नंतर कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघातून खेळले. मेलबर्नला गेलेल्या संघात मुंबईचा आणखी एक खेळाडू होता. माटुंग्याच्या मैदानांवर घडलेले गोलरक्षक एस. एस. नारायण हेही टाटा आणि कॅल्टेक्स या दोन्ही संघांतून खेळलेले. नारायण यांनी १९५६ पाठोपाठ १९६० च्या ऑलिंपिकमध्येही भारताचे प्रतिनिधित्व केले.

मुंबई राज्याच्या संघानेही याच काळात मोठी मजल मारली. १९५४ च्या संतोष चषक स्पर्धेत मुंबईने प्रथमच राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. तोपर्यंत भारतीय फुटबॉल म्हटले की कोलकाता आणि हैदराबाद ही दोनच नावे पुढे येत. मुंबईचा दावा आता दुर्लक्षिता येण्याजोगा राहिला नव्हता.

हेलसिंकीचा धडा

मेलबर्नमधील यशाचे मोल समजण्यासाठी चार वर्षे मागे जावे लागते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. फ्रान्सविरुद्धचा तो सामना भारताने १-२ असा थोडक्यात गमावला. त्यात भारताला मिळालेल्या दोन पेनल्टी वाया गेल्या. त्या पराभवातही लंडनच्या प्रेक्षकांनी भारतीय खेळाडूंचे कौतुक केले. अनवाणी खेळूनही आपण युरोपीय संघांशी बरोबरी करू शकतो, असा समज त्यातून देशात दृढ झाला. १९५१ मध्ये दिल्लीतील पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत भारताने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा हा समज आणखी पक्का झाला.

१५ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत तो कोलमडला. युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले. थंड हवा, निसरडे मैदान आणि स्पाइकचे बूट घातलेले बलदंड प्रतिस्पर्धी यांच्यापुढे भारतीय बचाव टिकू शकला नाही. ब्रँको झेबेत्स याने एकट्याने चार गोल केले. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांचा होता.

त्या दिवशी युगोस्लाव्हियाच्या संघात कोण खेळत होते, याकडे नंतर पाहिले की त्या अंतराची कल्पना येते. झेबेत्स यांनी पुढे प्रशिक्षक म्हणून १९६९ मध्ये बायर्न म्युनिकला जर्मनीचे लीग आणि चषक अशी दोन्ही विजेतेपदे मिळवून दिली आणि १९७९ मध्ये हॅम्बुर्गला लीग विजेते केले. झ्लात्को चायकोव्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली १९६७ मध्ये बायर्नने युरोपीय चषकविजेत्यांचा चषक जिंकला. मधल्या फळीतील वुयादिन बोश्कोव्ह १९८० मध्ये रेआल माद्रिदचे लीग विजेते प्रशिक्षक होते आणि १९९१ मध्ये त्यांनी सांपदोरियाला इटलीचे विजेतेपद मिळवून दिले. या खेळाडूंनी पुढची तीन-चार दशके युरोपचा फुटबॉल घडवला.

या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट घालून खेळणे सक्तीचे केले. अनवाणी पायाने चेंडूवर ताबा ठेवण्याची सवय असलेल्या पिढीला हा बदल सोपा नव्हता. नेव्हिल यांची पिढी मात्र वयाने लहान होती. बुटांची सवय त्यांना वेळेत लागली.

रहीम यांची शिस्त

या बदलाला दिशा दिली ती सय्यद अब्दुल रहीम यांनी. हैदराबादचे हे शिक्षक १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाला प्रशिक्षण देत होते. त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. त्यामुळे कुपरेजला आणि मुंबईच्या खेळाडूंना रहीम यांच्या पद्धतीची ओळख राष्ट्रीय शिबिरापूर्वीच झालेली होती.

चेंडू पायात घोळवत एकट्याने पुढे जाण्याची भारतीय खेळाडूंची आवड रहीम यांनी मोडून काढली. ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या आणि फक्त कमकुवत पायाने चेंडू मारण्याची अट असलेल्या स्पर्धा त्यांनी भरवल्या. एका स्पर्शात आखूड पास, सतत जागा बदलणे आणि तंदुरुस्ती यांवर त्यांचा भर होता. देशांतर्गत सामने त्या काळी ७० मिनिटांचे असत. आंतरराष्ट्रीय सामन्यातील शेवटची २० मिनिटे भारतीय खेळाडूंना म्हणूनच जड जात. ही उणीव भरून काढणे हे त्यांच्यापुढचे मोठे आव्हान होते.

मेलबर्नसाठी निवडलेला संघ तरुण होता. कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी २६ वर्षांचे होते. उजव्या बगलेवरचे पी. के. बॅनर्जी आणि तुलसीदास बलराम यांनी नुकतीच विशी गाठली होती. पीटर थंगराज, जे. कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू, निखिल नंदी, नूर मोहम्मद, अझिझुद्दीन आणि अब्दुल सलाम हे इतर खेळाडू. कोलकाता, हैदराबाद, मद्रास, केरळ आणि मुंबई अशा वेगवेगळ्या परंपरांतून आलेल्या या खेळाडूंना रहीम यांनी एका पद्धतीत बसवले. या रचनेत नेव्हिल यांच्याकडे एकच काम होते. बगलेवरून आणि मागून आलेल्या चेंडूंचे गोलमध्ये रूपांतर करायचे.

मेलबर्नमधील ती दुपार

१९५६ ची ऑलिंपिक स्पर्धा राजकीय वादळांच्या छायेत पार पडली. सुएझचा संघर्ष आणि हंगेरीतील उठाव या दोन्ही घटना त्याच वर्षाच्या अखेरच्या महिन्यांतील. अनेक देशांनी फुटबॉल स्पर्धेतून माघार घेतली आणि प्रत्यक्षात ११ संघच खेळले. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली. त्याच उठावानंतर देशाबाहेर राहिलेला हंगेरीचा महान खेळाडू फेरेन्स पुश्कास याला पुढे रेआल माद्रिदचे अध्यक्ष सांतियागो बर्नाबेऊ यांनी १९५८ मध्ये आपल्या क्लबमध्ये आणले. युरोपीय क्लब फुटबॉलच्या सुवर्णकाळाची ती सुरुवात होती.

भारताचा पहिला प्रत्यक्ष सामना उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाशी झाला. यजमानांनी जपानला २-० असे हरवून ही फेरी गाठली होती. घरच्या मैदानावर त्यांचेच पारडे जड मानले जात होते.

नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी भारताला आघाडी मिळवून दिली. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरो याने बरोबरी साधली. ३३ व्या मिनिटाला नेव्हिल यांनी दुसरा गोल केला, तर ४१ व्या मिनिटाला मॉरो याने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतराला २-२ अशी स्थिती होती. दोन्ही बाजूंनी एकेका खेळाडूनेच दोन-दोन गोल केले होते.

उत्तरार्धाच्या प्रारंभी, ५० व्या मिनिटाला, नेव्हिल यांनी तिसरा गोल केला आणि भारताने तिसऱ्यांदा आघाडी घेतली. या वेळी ऑस्ट्रेलियाला उत्तर सापडले नाही. ८० व्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल करून विजयावर शिक्कामोर्तब केले. शेवटच्या २० मिनिटांत दमणारा संघ अशी ओळख असलेल्या भारताने सामन्यातील अखेरचा गोल दहा मिनिटे शिल्लक असताना केला. रहीम यांच्या मेहनतीची ती पावती होती.

दोन मिनिटांची आघाडी

४ डिसेंबर रोजी उपांत्य फेरीत भारतासमोर पुन्हा युगोस्लाव्हिया उभा ठाकला. खेळाडू बहुतांशी बदललेले होते, तरी ताकद कमी झालेली नव्हती. पहिल्या सामन्यात त्यांनी अमेरिकेला ९-१ असे धुळीस मिळवले होते. हेलसिंकीची आठवण ताजी असलेल्या कोणालाही या सामन्याची भीती वाटावी, अशीच स्थिती होती.

पूर्वार्ध संपला तेव्हा एकही गोल झालेला नव्हता. चार वर्षांपूर्वी ज्या संघाने दहा गोल केले, त्याला भारताने ४५ मिनिटे रोखून धरले होते. ५२ व्या मिनिटाला नेव्हिल डिसोझा यांनी गोल केला आणि भारत १-० असा पुढे गेला. ऑलिंपिकची अंतिम फेरी आणि किमान रौप्यपदक ३८ मिनिटांच्या अंतरावर आले.

ही आघाडी दोन मिनिटे टिकली. ५४ व्या मिनिटाला झ्लात्को पापेत्स याने बरोबरी केली. ५७ व्या मिनिटाला टोडोर वेसेलिनोविच याने युगोस्लाव्हियाला पुढे नेले आणि ६५ व्या मिनिटाला पापेत्सने तिसरा गोल केला. ७८ व्या मिनिटाला सलाम यांच्याकडून स्वयंगोल झाला. भारताचा ४-१ असा पराभव झाला. भारतीय संघाने ऑलिंपिकच्या अंतिम फेरीचे दार इतक्या जवळून पुन्हा कधीही पाहिले नाही.

७ डिसेंबरला कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारतावर ३-० अशी मात केली. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत संघाने युगोस्लाव्हियाला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. त्या विजेत्या संघाचा गोलरक्षक लेव्ह याशिन होता. भारत चौथ्या स्थानावर राहिला. नेव्हिल यांनी दोन सामन्यांत चार गोल केले होते. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा दिमितार मिलानोव्ह यांचेही प्रत्येकी चार गोल झाले. सर्वाधिक गोल करणाऱ्यांचा मान या तिघांना विभागून मिळाला.

तिघांच्या वाटा

यादीत शेजारी शेजारी असलेल्या या तिघांना फुटबॉलने पुढे काय दिले, ते पाहण्यासारखे आहे. त्या काळी ऑलिंपिक हौशी खेळाडूंसाठी होते. पश्चिम युरोपातील व्यावसायिक खेळाडूंना त्यात प्रवेश नव्हता. पूर्व युरोपात खेळाडू कागदोपत्री लष्करात, पोलिसांत किंवा कारखान्यात नोकरीला असत आणि प्रत्यक्षात पूर्णवेळ फुटबॉल खेळत. म्हणूनच १९५२ ते १९८० या काळातील सर्व ऑलिंपिक सुवर्णपदके पूर्व युरोपातील समाजवादी देशांनी पटकावली.

मिलानोव्ह हा सोफियातील लष्कराच्या क्लबचा खेळाडू होता. याच क्लबने १९५० च्या दशकात बल्गेरियाच्या लीगवर वर्चस्व गाजवले. वेसेलिनोविच नोव्ही सादच्या वोयवोदिना क्लबकडून खेळला, नंतर इटलीच्या सांपदोरियात गेला. खेळ थांबवल्यावर तो प्रशिक्षक झाला. १९८४ च्या युरोपीय स्पर्धेत युगोस्लाव्हियाचा राष्ट्रीय संघ त्याच्या हाताखाली होता. तुर्कस्तानातील फेनेरबाचे क्लबला त्याने १९८५ आणि १९८९ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवून दिले. १९८८-८९ च्या मोसमात त्या संघाने लीगमध्ये १०३ गोल केले. २०१७ मध्ये त्याचे निधन झाले.

मेलबर्नच्या युगोस्लाव्ह संघातील आणखी दोन नावे अशीच आहेत. गोलरक्षक पेतार राडेन्कोविच १९६६ मध्ये म्युनिक १८६० संघासह जर्मनीचा विजेता झाला. ड्रागोस्लाव शेकुलारात्स बेलग्रेडच्या रेड स्टारचा लाडका खेळाडू ठरला आणि १९८९-९० मध्ये त्याच क्लबचा प्रशिक्षक म्हणून त्याने लीग विजेतेपद मिळवले.

युरोपात क्लब ही कायमस्वरूपी संस्था होती. तिला मैदान होते, सभासद होते, पदाधिकारी होते आणि माजी खेळाडूसाठी तेथे जागा होती. आज खेळाडू असलेला माणूस उद्या प्रशिक्षक आणि परवा व्यवस्थापक होऊ शकत असे. खुद्द बर्नाबेऊ हे रेआल माद्रिदचे आघाडीपटू होते आणि १९४३ पासून १९७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच क्लबचे अध्यक्ष राहिले. मुंबईत कंपनीचा संघ हा कंपनीच्या कारभाराचा एक भाग होता. खेळाडू निवृत्त झाला की त्याचे टेबल आणि त्याची हजेरी शिल्लक राहत असे. त्याचा अनुभव पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा नव्हती.

कॅल्टेक्सचे दिवस

मेलबर्नहून परतल्यावर नेव्हिल मुंबईतच खेळत राहिले. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स चषक जिंकला. कोलकाता आणि हैदराबादच्या बलाढ्य संघांची मक्तेदारी असलेल्या या स्पर्धेत मुंबईच्या एका कंपनी संघाने बाजी मारणे ही कुपरेजसाठी आनंदाची घटना होती. नेव्हिल यांच्या देशांतर्गत कारकिर्दीतील हा सर्वोच्च क्षण मानावा लागेल.

राष्ट्रीय संघात मात्र पुढच्या काही वर्षांत चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम या त्रयीचे युग सुरू झाले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली, पण हंगेरी आणि पेरूकडून हार पत्करावी लागली. १९६२ मध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धांत रहीम यांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. ११ जून १९६३ रोजी रहीम यांचे निधन झाले आणि भारतीय फुटबॉलचा तो अध्याय संपला. रोमनंतर भारताचा पुरुष फुटबॉल संघ ऑलिंपिकसाठी पुन्हा पात्र ठरलेला नाही.

केंद्र सरकारने १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू केले. फुटबॉलचा पहिला पुरस्कार पी. के. बॅनर्जी यांना मिळाला आणि पुढच्या वर्षी बलराम यांना. पुढील वर्षांत अनेक नामवंत फुटबॉलपटूंचा या पुरस्काराने गौरव झाला. ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत नाव असलेल्या नेव्हिल डिसोझा यांचे नाव त्या यादीत नाही. मेलबर्नची कामगिरी पुरस्कार सुरू होण्याच्या पाच वर्षे आधीची होती आणि नंतर मागे वळून पाहण्याची तसदी घेतली गेली नाही.

अखेर आणि स्मृती

१७ मार्च १९८० रोजी नेव्हिल डिसोझा यांचे निधन झाले. ज्या व्यवस्थेत ते वाढले, तीही त्या सुमारास मावळत होती. १९७६ मध्ये सरकारने कॅल्टेक्सचा भारतातील कारभार ताब्यात घेतला आणि १९७८ मध्ये ही कंपनी हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. रोव्हर्स चषकावर ज्या संघाचे नाव कोरले गेले, त्याच्या मूळ कंपनीचे नावच मुंबईतून पुसले गेले. रोव्हर्स चषक स्पर्धा २०००-०१ नंतर झाली नाही. देशात राष्ट्रीय पातळीवरील लीग सुरू व्हायला १९९६ साल उजाडावे लागले.

गोव्यात मात्र परंपरेने वेगळे वळण घेतले. मेलबर्नच्याच वर्षी, १९५६ मध्ये, साळगावकर क्लबची स्थापना झाली. मुक्तीनंतर साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स अशा क्लबांनी देशभर दबदबा निर्माण केला. नेव्हिल यांच्या काळात फुटबॉलसाठी मुंबईला येणाऱ्या गोमंतकीय तरुणाला त्यानंतर गोव्यातच संघ आणि नोकरी मिळू लागली. १९८३ मध्ये गोव्याने संतोष चषक जिंकला. मुंबईत २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसाठी मुंबई सिटी हा क्लब स्थापन झाला. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने त्यात मोठा हिस्सा घेतला आणि २०२०-२१ मध्ये हा संघ लीगचा विजेता ठरला. युरोपीय क्लबांचे व्यवस्थापन आणि मुंबईचे मैदान यांची अशी भेट होण्यास मेलबर्ननंतर सहा दशके लागली.

नेव्हिल यांचे मेलबर्नमधील सहकारीही आता काळाच्या पडद्याआड गेले आहेत. पी. के. बॅनर्जी यांचे २०२० मध्ये, एस. एस. नारायण यांचे २०२१ मध्ये, कर्णधार बद्रू बॅनर्जी यांचे २०२२ मध्ये आणि बलराम यांचे २०२३ मध्ये निधन झाले. एप्रिल २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटाने रहीम आणि त्यांच्या खेळाडूंची कहाणी पडद्यावर आणली. अनेक तरुण प्रेक्षकांना नेव्हिल डिसोझा हे नाव तेव्हा प्रथमच ऐकायला मिळाले.

हेलसिंकीतील १-१० आणि मेलबर्नमधील १-० अशी दोन मिनिटांची आघाडी, यांत अवघ्या चार वर्षांचे अंतर होते. बुटांची सक्ती, एक जाणता प्रशिक्षक आणि घर चालवण्याइतका पगार देणारी नोकरी एवढ्या तीन गोष्टींवर भारतीय फुटबॉलने हे अंतर कापले. त्यापुढचे अंतर कापण्यासाठी क्लब, प्रशिक्षण आणि माजी खेळाडूंच्या अनुभवाला वाव देणारी व्यवस्था हवी होती. ती उभी राहिली नाही. ऑलिंपिकच्या नोंदींमध्ये वेसेलिनोविच आणि मिलानोव्ह यांच्या शेजारी आजही एक भारतीय नाव आहे, ते मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांचे.